मदरबोर्डवरचा हिरवा लाइट

जावयावर ओरडायचं नाही, हा नियम ज्याने केला त्याने आपल्या घरात जावई कधी एकटा सोडला नसावा. मी सोडला. आणि सोडून गेलो कुठे, तर त्याच्याचसाठी मटण आणायला. पुलगावच्या बाजारातून पिशवी घेऊन नाचणगावला घरी परत येतो, तर याने माझा कॉम्प्युटर मारून ठेवलेला.

हे लिहितानाही डोकं तापतं. बायको म्हणते, कायले लिहिता, पोरीच्या वाचण्यात आलं तर तिला काय वाटेल. पोरीला काय वाटायचं? ती तिथंच उभी होती.

आधी कॉम्प्युटरचं सांगतो. तो दुकानातून आणलेला नाही, मी जोडलेला आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं मिलमध्ये लागलो. मिल बंद पडली तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करत बसलो. मग लोक बिघडलेला टीव्ही माझ्याकडं आणायच्याऐवजी भंगारवाल्याला द्यायला लागले, तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, आता कॉम्प्युटर पाहू. वर्ध्यात एक नेट कॅफे बंद झाला, त्याचा रिकामा डबा आणला. मदरबोर्ड नागपूरहून, जुन्या मालातला. पडद्याची वायर लावायची त्याच्यावरची जागा विजेच्या दणक्यानं जळली होती, म्हणून तो कोणी घेत नव्हता. मी घेतला आणि पडद्यासाठी वेगळं कार्ड बसवलं, तेही जुनंच. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण पडद्यावर कोणती ओळ आली की काय करायचं, ते मला चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तसं कळतं. पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवशी पोरगी म्हणाली होती, "बाबा, खरंच चालू झाला?" जसा काही मी तो चोरून आणला होता.

गंमत म्हणून मी तो जोडला नव्हता. माझ्याकडं खोकं भरून कॅसेटी होत्या, वस्तीतल्या बायांच्या गाण्यांच्या. त्यात एक कॅसेट माझ्या मोठ्या बहिणीची. तिला आम्ही बाई म्हणायचो. आई लवकर गेली, मला बाईनंच वाढवलं. दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर राबायची आणि संध्याकाळी विहारात गाणी म्हणायची, स्वतः जुळवलेली. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ती गाणी कुठं कागदावर नाहीत. एका उन्हाळ्यात मी तिला चुलीपुढं बसवून टेप केलं होतं. ती कॅसेट मी कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि उतरवून झाल्यावर, परत गुंडाळताना, फीत तुटली. इतकी कुजली होती की जोडायला गेलो तिथं तिचा भुगा झाला. म्हणजे बाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या त्या डब्यात.

मागच्या साली बाई गेली. वर्षाचं पुण्यानुमोदन भाच्यानं बोरगाव मेघेला आपल्या घरी ठेवलं. मी सगळ्या सोयऱ्यांसमोर सांगून बसलो होतो की त्या दिवशी वंदना झाली की बाई सोता गाईल. भाचा आधीपासून म्हणत होता, फोनवर पाठवून द्या. मी पाठवलं नाही. फोनवर पाठवलं की ते गुलाबाच्या फुलांसोबत सकाळ-सकाळ शंभर घरी फिरतं आणि मधात कोणीतरी स्वतःचं नाव टाकतं. बाईचा आवाज असा फिरवायला मी दिलेला नाही आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. आदल्या दिवशी पेन ड्राइव्हमध्ये टाकायचं, दुसऱ्या दिवशी सोबत न्यायचं, असं मी ठरवलं होतं.

तोच तो आदला दिवस.

कार्यक्रमासाठी पोरगी आणि जावई पुण्याहून आले होते. मी पिशवी घेऊन घरात पाय ठेवला तर जावई माझ्या खुर्चीवर. डब्यातला पंखा फिरतोय, पडदा काळा.

"मामाजी, जरा फास्ट करून देत होतो," तो म्हणाला. आहे आमच्याच हिंगणघाटकडचा, पण पुण्यात कंपनीत लागल्यापासून त्यानं जिभेला इस्त्री केली आहे. "बायोसमध्ये जुना मोड होता, मी नवीन केला. आता डिस्प्लेच येत नाहीये."

बायोस म्हणजे, कॉम्प्युटर उठल्यावर सगळ्यात आधी ज्या सेटिंगा वाचतो ते ठिकाण. सकाळी उठल्यावर माणूस आधी चप्पल शोधतो, तसं. यानं चप्पलच बदलली. नव्या मोडला माझं जुनं कार्ड ओळखता येईना, कार्ड ओळखलं नाही तर पडदा नाही, आणि पडदा नाही तर सेटिंग परत फिरवायची कशी? कोणी सांगितलं होतं फास्ट करायला? मी म्हटलं होतं का, की हळू चालते? माझ्या घरात कोणाला कुठं जायची घाई होती?

पण तो जावई. आमच्याकडं जावयाला पहिली थाळी, कूलरसमोरची जागा आणि अहो-जाहो. मी म्हटलं, "असू द्या जवाईबापू. होत राह्यते." हे बोलताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते.

मग पिशवी घेऊन आत गेलो आणि बायकोला धरलं.

"तुले डोळे नाईत? तो मशीनले हात लावून राह्यला अन् तू कांदा चिरत बसली?"

"मंग काय त्याचा हात धरू? जवाई हाय तो माह्या."

"माह्या बी जवाईच हाय, म्हून त तुह्यावर वरडून राह्यलो!"

"हळू. आयकू जाईन."

"जाऊ दे आयकू!" असं मी म्हटलं, पण हळू म्हटलं.

बाहेर येऊन त्याला माझ्या खुर्चीवरून उठवलं, गोड बोलून. दिवाणावर बसवलं. कूलरचं तोंड त्याच्याकडं केलं. "तुम्ही आराम करा, मी पाह्यतो," म्हटलं. तो बसला, पाहुण्यासारखा, गुडघे जुळवून. तिथून त्याला मदरबोर्ड सरळ दिसत होता, कारण माझ्या डब्याला बाजूचं झाकण मी कधी लावत नाही. हे लक्षात ठेवा.

मी कामाला लागलो. मिलमधली सवय आहे, हात घालायच्या आधी मशीन बंद. पट्टा उतरवल्याशिवाय मशीनला हात लावणाऱ्याला आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, कानाखाली मारायचा. समोरचं बटन दाबून डबा बंद केला. भिंतीवरच्या बोर्डाचं बटन खाली केलं. पडद्याचा लाइट गेला. बंद म्हणजे बंद. मग रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवली. सुरू केला. पंखा फिरला, पडदा काळा. पडद्याचं कार्ड काढलं, फुंकलं, बसवलं. काळा. रॅम दुसऱ्या खाचेत टाकली. काळा. प्रत्येक वेळी बंद कर, काढ, बसव, चालू कर. उन्हानं पत्रा तडतडत होता आणि कूलरची हवा सगळी जावयाला.

पोरगी म्हणाली, "बाबा, हार्ड डिस्क काढून पुलगावच्या दुकानात न्या ना. ते त्यातून गाणी काढून देतील."

"दुकानात? मांगं एकानं लग्नाचे फोटो असलेली डिस्क नेली होती. काय केलं त्यायनं? फॉरमॅट मारून देली! वरतून म्हन्ते कसे, आता एकदम नवीन झाली."

"मग यांच्या लॅपटॉपला लावा."

जावई दिवाणावरून म्हणाला, "कंपनीचा लॅपटॉप आहे. बाहेरचं काही लावायची परवानगी नाही. सॉरी मामाजी."

म्हणजे पहा. याच्या मशीनला माझी डिस्क लावायला परवानगी पाहिजे. माझ्या मशीनचं पोट उघडायला कोणाची परवानगी घेतली होती यानं? मी बादली उचलली. कूलरच्या टाकीत पाणी ओतलं, बादली आपटून.

आता एकच उपाय राहिला. मदरबोर्डवर घड्याळात असतो तसा गोल सेल असतो. बदललेल्या सेटिंगा त्या सेलच्या जोरावर लक्षात राहतात. सेल काढला, थोडा वेळ थांबलं, की मदरबोर्ड सगळं विसरतो आणि पहिल्यासारखा होतो. जावयाची करणीही विसरेल. मी सेल नखानं उचकून काढला, बशीत ठेवला आणि वाट पाहत बसलो.

जावई हळूच म्हणाला, "मामाजी, तो कोपऱ्यात हिरवा लाइट दिसतोय..."

मदरबोर्डच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा लाइट आहे. जळत होता.

"उरलेला करंट हाय तो," मी म्हटलं. "टीव्हीत बी राह्यते बंद केल्यावर. मी आयुष्यभर टीव्ही खोलले."

"हो का? असेल."

सेल परत लावला. बटन दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

जेवायला बसलो. त्याला पहिली थाळी, नळीची हाडं त्याच्याच वाटीत. तो म्हणाला, "मटण छान झालंय मामाजी." मी म्हटलं, "घ्या अजून." भाच्याचा फोन आला, की मोठे स्पीकर सांगून ठेवले, बाईचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे. मी म्हटलं, जाईल. फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं पाहायला लागली. मी तिला म्हटलं, "भाकर वाढ."

जेवण झाल्यावर पुन्हा सेल काढला. या वेळी जास्त वेळ ठेवला. मधात जावई दोनदा खाकरला.

"मामाजी, सप्लाय कुठून येत तर नसेल ना? म्हणजे, तो लाइट अजूनही..."

"बटन बंद हाय जवाईबापू. पाहा, बोर्डाचं बटन खाली हाय."

"हो, हो. बटन बंद आहे."

पोरीनं तोंड उघडलं, त्यानं तिला हातानं थांबवलं. ते मी पाहिलं. मला वाटलं, दोघं मला हसताहेत.

सेल लावला. पंखा. काळा पडदा. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळे सोयरे बसतील, वंदना होईल, मग सगळे माझ्याकडं पाहतील आणि मी काय सांगू? की बाई एकदा स्मशानात गेली आणि दुसऱ्यांदा माझ्या घरात, जावयाला मटण शिजत असताना?

तेवढ्यात जावई म्हणाला, अगदी मायेनं म्हणाला, "मामाजी, जाऊ द्या ना आता हा डबा. मी तुम्हाला नवीन लॅपटॉप घेऊन देतो."

मी उठलो.

"अरे तू कोण मले घेऊन देणारा? तुले मांगतला मी? माह्या घरात येते, माह्या खुर्चीवर बसते, माह्यं मटण खाते, अन् माह्या बहिणीचा आवाज बंद करून मलेच म्हन्ते नवीन घेऊन देतो? तुह्या लॅपटॉपात बाई गाणार हाय का? सांग! गाणार हाय का?"

आत भांडं पडलं. बायको पदर सावरत दारात आली. "अवो, जवाई हाय तो! त्याले 'तू' काय म्हन्ता!"

आमच्या घराण्यात जावयाला तू म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पोरगी पांढरी पडली. मी वाट पाहत होतो की आता तो बॅग उचलेल.

त्यानं चहाचा कप दिवाणावर आदळला. आणि इस्त्री गेली.

"मंग मी बी सांगतो! सकाळपासून तो हिरवा लाइट जळून राह्यला! तुम्ही म्हन्ता बंद हाय, बंद हाय! बंद हाय तं लाइट काय तुमच्या रागावर चालून राह्यला?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कितीदा सांगतलं! तुम्ही म्हन्ता, उरलेला करंट! इतका वेळ कोणता करंट उरते मामाजी? जोपर्यंत सप्लाय चालू हाय तोपर्यंत सेल काढा नाई तं डोस्कं काढा, सेटिंग पुसली जात नाई!"

"मंग जोरानं सांगाचं!"

"सासऱ्याले जोरानं कसा सांगू?"

"आता कसा सांगून राह्यला?"

"तुम्ही सुरू केलं म्हून!"

आम्ही दोघंही उभे. त्याचा गळा लाल झालेला, माझ्या तोंडून थुंकी उडालेली. मग मी खाली वाकून डब्याच्या मागं पाहिलं.

वायर पाहिली आणि आठवलं. कॅसेट उतरवायला कॅसेट जेवढी असते तेवढा वेळ लागतो. मधात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि आमच्याकडं लाइट जाते म्हणजे जातेच. त्यात भिंतीतलं सॉकेट ढिलं, ठिणग्या उडायच्या. म्हणून डब्याची वायर मी प्लग कापून इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये सरळ जोडून टाकली होती, पिळून, वर काळी टेप. सप्लायच्या मागचं बटन जळलं, तेही डायरेक्ट केलं होतं. भिंतीवरचं बटन फक्त पडद्याचं. पडद्याचा लाइट गेला की मला वाटायचं सगळंच गेलं. डबा कधी बंद झालाच नव्हता. पट्टा चढलेलाच होता. तो जोड मीच मारला होता, आणि तेव्हा तो बरोबर मारला होता. त्या जोडामुळंच बाईची कॅसेट एका दमात उतरली. हे मी जावयाला त्याच वेळी सांगितलं, म्हणजे त्याला उगाच वाटू नये.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "आता तोडा."

"तू सांगू नको. पकड दे."

त्यानं पकड दिली. पोरीनं इन्व्हर्टर आणि त्याचं भिंतीवरचं बटन दोन्ही बंद केले, कूलर थांबला, आणि खोलीत एकदम शांत झालं. मी टेप सोलली, जोड उकलला. आम्ही दोघं डब्यापुढं उकिडवे बसून पाहत होतो. हिरवा लाइट फिका झाला, बारीक झाला आणि गेला. मी सेल काढला. बायकोनं चहा ठेवला, आमच्याकडं न पाहता ठेवला. घामाच्या धारा लागल्या तरी कोणी पंखा लावा म्हणालं नाही. चहा पिऊन झाल्यावर सेल बसवला, जोड पिळला, इन्व्हर्टर चालू केला, बटन दाबलं.

पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती ओळ मी ओळखतो. सेटिंगा गेल्या, पुढं जायला बटन दाबा, असं सांगणारी ओळ. जावयाचा हात पुढं आला.

"हात मांगं," मी म्हटलं.

त्यानं मागं घेतला. मी दाबलं.

फाइल उघडली. आधी चुलीतल्या काड्यांचा आवाज, मग बाईचा. तोच जाड, जिनिंगच्या धुळीनं खरखरीत झालेला गळा. दोन कडवी झाली आणि ती थांबली.

"चालू हाय का रे ते?"

मग माझा आवाज, तरणा, टेपच्या अगदी तोंडाशी: "चालू हाय! गा ना! मंधात काऊन थांबली?"

"वरडू नको माह्यावर. गाणं माह्यं हाय. वाटन तवा थांबीन, वाटन तवा म्हणीन."

आणि दूध चुलीवरून बाजूला ठेवल्याचा आवाज, आणि मग पुढचं कडवं.

जावई म्हणाला, "मामाजी, हा वरडणारा कोण हाय?"

"कोण असन? मीच."

तो हसला. मी हसलो नाही. मी पेन ड्राइव्ह शोधत होतो, आणि तो माझ्याच खिशात होता.

दुसऱ्या दिवशी बोरगाव मेघेला भाचा म्हणाला, मधलं भांडण कापून टाकू, नुसतं गाणं ठेवू. मी म्हटलं, एकाही ठिकाणी हात लावायचा नाही, जसं आहे तसं वाजवायचं. वाजवलं. पुढच्या रांगेत बाईसोबत जिनिंगमध्ये राबलेल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. बाई मला झापायला लागली तशी त्यातली एक पदरात तोंड घालून हसली आणि म्हणाली, "अस्सीच होती ते." मग ती रडली. स्पीकरपाशी जावई उभा होता. मी सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याला म्हटलं, "अरे, आवाज थोडा कमी कर, फाटून राह्यला." सोयऱ्यांनी माना वळवून पाहिलं. पाहू दे.

बायको अजून म्हणते, एक फोन करा, माफी मांगा, जवाई हाय. मी मागणार नाही. माझ्या मशीनला न विचारता हात लावला तो लावलाच. त्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि तो घालवायची मला गरजही वाटत नाही.

पुण्याला जाताना त्यानं पुलगावातून तीन पिनांचा नवा प्लग आणून डब्यावर ठेवला. तो तिथंच आहे, पिशवीतून काढलेलाही नाही. त्याचा फोन येतो, आता पोरीकडून नाही, सरळ मला.

"प्लग लावला का मामाजी?"

"नाई."

"काऊन?"

"तू सांगतलं म्हून."